छोट्या नाट्यगृहात नाटक बघायला जाताना: बसायचं कुठे, यायचं केव्हा आणि ऐकू का येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाईंनी आयुष्यभर बालगंधर्व आणि यशवंतराव चव्हाण या पुण्यातल्या मोठ्या नाट्यगृहांत नाटकं पाहिली. आता मुलीच्या आग्रहानं त्या पुण्यातल्या छोट्या जागांत प्रयोग बघायला जाऊ लागल्यात. एका ठिकाणी दोन मिनिटं उशीर झाला म्हणून आत सोडलं नाही, तिकिटाचे पैसे गेले. दुसऱ्या ठिकाणी बाजूला बसल्यामुळे अर्धे संवाद कळले नाहीत. तिसऱ्या ठिकाणी हौसेनं पहिल्या रांगेत बसल्या, तर नट दोन हातांवर येऊन रडायला लागला आणि आपण कुठे बघावं तेच त्यांना कळेना. शिवाय उकाडा. या जागा अशाच असतात की आपलंच काही चुकतंय, असं त्यांनी विचारलंय. पुढच्या वेळी गुडघेदुखी असलेल्या आईलाही न्यायचंय.

मी प्रकाशयोजना करतो. म्हणजे प्रयोगाच्या वेळी मी बहुतेकदा प्रेक्षकांच्या पाठीमागे, शेवटच्या रांगेच्याही मागे, दिवे कमी-जास्त करायच्या डिमरच्या बोर्डाशी बसलेला असतो. नाटक मला शंभर-सव्वाशे डोक्यांवरून दिसतं. कोण कंटाळलंय, कुणाच्या मानेला रग लागलीय, कुणी खिशातला फोन चाचपतंय, हे नटांच्या आधी मला कळतं. त्यामुळे हे उत्तर समीक्षकाचं नाही, मागच्या टेबलावरून लिहिलेलं आहे.

तुमचं काही चुकलेलं नाही. पण हजारभर खुर्च्यांच्या थिएटरात लागलेल्या सवयी शंभर खुर्च्यांच्या खोलीत चालत नाहीत, आणि ते कुणी सांगत नाही. बालगंधर्वला तुम्ही एकट्या उशिरा आलात, खोकलात, मधेच उठून गेलात, तरी रंगमंचावर त्याचा पत्ता लागत नाही. तिथे प्रेक्षक आणि प्रयोग यांच्यामध्ये कमान आहे, पडदा आहे, माइक आहेत, अंतर आहे. छोट्या जागेत यातलं जवळजवळ काहीच नसतं. किती लोक आले, कुठे बसले, काय घालून आले, यावर तिथला आवाज, उजेड आणि हवा बदलते. प्रेक्षक हा तिथे अक्षरशः प्रयोगाच्या सामानाचा भाग असतो. तुमच्या तिन्ही अनुभवांचं मूळ यातच आहे.

उशिराचं आधी घेतो, कारण त्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. मोठ्या नाट्यगृहात प्रेक्षकांची दारं मागे किंवा बाजूला असतात आणि तिथे दुहेरी पडदे असतात. छोट्या जागेत कित्येकदा एकच दार असतं आणि ते थेट नटांच्या वावराच्या जागेत उघडतं. म्हणजे उशिरा आलेला माणूस नुसता रांगेतून वाट काढत नाही, तो नेपथ्यातून चालत जातो. त्यात नाटक अंधारानं सुरू होणारं असेल तर बाहेरच्या पॅसेजमधल्या ट्यूबलाइटची एक पट्टी संपूर्ण रंगमंचावर आडवी पडते. ती मी कशानंही पुसू शकत नाही. पहिली पाच मिनिटं ही नाटकाची सगळ्यात नाजूक वेळ. लोक अजून दिवसभराच्या कामातून बाहेर आलेले नसतात, नटांचा श्वास बसलेला नसतो. तिथे दार दोनदा उघडलं की पुढची पंधरा मिनिटं प्रयोग सावरण्यात जातात.

मुंबईत जुहूच्या पृथ्वी थिएटरनं हा नियम इतकी वर्षं इतक्या कडकपणे पाळलाय की तिथला प्रेक्षक आता त्याला नियम मानतच नाही. तिसरी घंटा झाली, दार बंद, मग बाहेर कुणीही असो. पुण्यात अजून ‘अहो, गाडी लावायला जागा मिळत नव्हती’ हे कारण चालेल असं वाटतं. कारण खरं असतं, याबद्दल वाद नाही. शनिवार पेठेत संध्याकाळी चारचाकी लावणं हा स्वतंत्र नाट्यप्रकार आहे. म्हणून माझं सरळ म्हणणं: पेठेत गाडी नेऊच नका. रिक्षा करा. टिळक रस्त्यावर हिराबागेपाशी प्रयोग असेल तर स्वारगेटच्या मेट्रो स्थानकावरून चालत जाता येतं. तिकिटावर सात लिहिलं असेल तर पावणेसातला दारात असा. बहुतेक छोट्या जागांत खुर्च्यांना नंबर नसतात, जो आधी येईल तो आधी बसेल, त्यामुळे लवकर येण्याचा दुहेरी फायदा आहे.

एक मात्र आयोजकांनाही सुनावलं पाहिजे. उशिरा आलेल्याला आत न सोडण्याचा नियम असेल तर तो तिकीट काढताना ठळक दिसला पाहिजे, दारावर आल्यावर नाही. मी एका जागी पाहिलंय, दोघं म्हातारे नवराबायको जिना चढून वर आले आणि दारावरच्या पोरानं त्यांना मोबाइलच्या पडद्यावरची बारीक अक्षरं दाखवली. हे वाईट आहे. नियम बरोबर, वागणं चूक.

आता ऐकू न येण्याचं. हा मुद्दा मला जरा सविस्तर सांगायचाय, कारण इथे प्रेक्षक स्वतःच्या कानांना दोष देतो आणि बहुतेक वेळा कान ठीक असतात.

छोट्या जागेत सहसा माइक वापरत नाहीत. नटाचा गळा आणि खोलीच्या भिंती, एवढ्यावरच काम. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण सहा डेसिबलनं उतरते. खोलीत भिंती काही आवाज परत देतात म्हणून उतार त्याहून कमी असतो. म्हणजे दहा मीटरवरच्या शेवटच्या रांगेतही आवाज पोचायला हरकत नसते, आणि तो पोचतोही. अडचण आवाज किती मोठा याची नसून नट कुठे तोंड करून बोलतोय याची असते. आपल्या बोलण्यातले स्वर सगळीकडे पसरतात, पण स, श, च, त, क अशा व्यंजनांची जी टोकदार सळसळ असते, ती उंच पट्टीतली आणि सरळ समोर जाणारी. नटानं पाठ केली की तुम्हाला स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. मग माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. तुम्हाला नेमकं हेच झालं असणार.

त्यातून, प्रेक्षक तीन बाजूंना बसलेले असले की नट कुणाकडे तरी पाठ करणारच. चांगला दिग्दर्शक तालमीतच नटांना फिरत ठेवतो, महत्त्वाचं वाक्य तिरकं उभं राहून म्हणायला लावतो. पण कमानीच्या रंगमंचावर बसवलेलं नाटक घाईनं अशा जागी आणलं की ही फिरवाफिरवी झालेली नसते, आणि बाजूचे प्रेक्षक मारले जातात. म्हणून तीन बाजूंची बैठक दिसली की मधल्या भागात बसा, शक्यतो दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेत. बाजूलाच जागा मिळाली तर रंगमंचाच्या पुढच्या टोकाजवळ बसा, मागच्या बाजूला सरकू नका. नट मधल्या प्रेक्षकांकडे तोंड करून बोलायला पुढे येतो तेव्हा मागच्या बाजूला बसलेल्यांच्या वाट्याला त्याची पाठच येते.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. रिकाम्या खोलीत तालीम करताना आवाज घुमतो, नटांना वाटतं आपण खणखणीत ऐकू जातोय. संध्याकाळी शंभर माणसं येऊन बसतात. माणसांचे कपडे, पिशव्या, पावसाळ्यात ओले रेनकोट, हे सगळं आवाज पिऊन टाकतं. दुपारी जो नट शेवटच्या भिंतीपर्यंत पोचत होता तो रात्री सहाव्या रांगेत मरतो. अनुभवी नट पहिल्या दोन वाक्यांत हे ओळखतो आणि पट्टी बदलतो. नवखा बदलत नाही. आयोजकांना प्रयोगानंतर हे जरूर सांगा. ‘ऐकू आलं नाही’ एवढंच नको. ‘मी अमुक बाजूला, अमुक रांगेत होते, तिथून दुसऱ्या प्रवेशातलं वाक्य कळलं नाही’ असं सांगितलंत तर दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग होतो.

पंख्याचाही एक आवाज असतो आणि एसीचा एक असतो. तुमच्या उकाड्याचं उत्तर तिथेच आहे. जुने हॅलोजनचे पॅर दिवे एकेक हजार वॉटचे. असे बारा-सोळा दिवे लावले की पूर्ण जोरावर बारा-सोळा किलोवॉट उष्णता डोक्यावर. शांत बसलेला माणूस शंभरेक वॉट उष्णता टाकतो, म्हणजे शंभर प्रेक्षकांची आणखी दहा किलोवॉट. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर काढतो. हिशेब तुम्हीच करा. वर एखादा हळुवार प्रवेश आला की दिग्दर्शक मला खुणावतो आणि मी एसी बंद करायला सांगतो, कारण त्याच्या घरघरीत कुजबूज बुडते. एलईडी दिवे आल्यापासून वरची उष्णता पुष्कळ कमी झालीय, हे आमच्या धंद्यातलं गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात मोठं सुख. पण मे महिन्यात पुण्यात छोट्या जागेत नाटक बघायला जाताना सुती कपडे घाला आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. कुरकुरणारी प्लास्टिकची नको.

आता पहिली रांग. त्या रडणाऱ्या नटाचं काय करायचं?

काहीही करायचं नाही. तुम्हाला अवघडल्यासारखं झालं, कारण आपल्या नेहमीच्या जगात दोन हातांवर कुणी रडत असेल तर आपण काहीतरी करणं अपेक्षित असतं. इथे नसतं. त्यात आणखी एक भानगड माझ्या खात्याची आहे. छोट्या जागेत छत ठेंगणं असतं. दिवा नटाच्या चेहऱ्यावर साधारण पंचेचाळीस अंशांतून पडला तर डोळे दिसतात आणि सावलीही बेतानं पडते. ठेंगण्या छतावरून तो कोन साधायचा तर दिवा नटाच्या जवळ आणावा लागतो, नाहीतर तो तिरका होऊन लांब सांडतो. तो सांडलेला उजेड पहिल्या रांगेच्या गुडघ्यांवर आणि कधीकधी चेहऱ्यावर येतो. म्हणजे तुम्ही अंधारात नसता. नटाला तुमचे डोळे दिसतात, समोरच्या बाजूच्या प्रेक्षकांना तुमची चुळबूळ दिसते. आपल्याला कुणीतरी बघतंय ही जाणीव खोटी नसते, खरीच कुणीतरी बघत असतं.

पण नट तुमच्याकडे बघतोय असं वाटतं तेव्हा तो बहुधा दोन डोक्यांच्या मधल्या फटीकडे बघत असतो. तुम्ही त्याच्याकडे बघा, नजर चुकवू नका, हसायची किंवा मान हलवायची गरज नाही. नजर सतत चुकवणारा प्रेक्षक नटाला जास्त खटकतो. आणि हे झेपत नसेल तर पहिली रांग सोडा, त्यात कमीपणा काही नाही. माझ्या मते छोट्या जागेतली सगळ्यात उत्तम जागा तिसऱ्या रांगेत मधोमध. चेहराही दिसतो, पायही दिसतात, आणि नेपथ्याची रचना डोळ्यांत एकत्र बसते.

याला एकच अपवाद. जमीन सपाट असेल, म्हणजे मागच्या रांगा पायऱ्यांवर उचललेल्या नसतील, तर तिसरी रांग विसरा. आजकाल नट जमिनीवर बसून, लोळून बराच अभिनय करतात. सपाट जमिनीवर तिसऱ्या रांगेतून तुम्हाला पुढच्याचं टक्कल दिसेल, नट नाही. अशा जागी पुढे सतरंजी किंवा गाद्या घातलेल्या असतील आणि मांडी घालून तासभर बसता येत असेल तर तिथे बसा. नाहीतर रांगेच्या टोकाची खुर्ची पकडा, वाकून बघायला वाट राहते.

फोनबद्दल सगळेच सांगतात, मी फक्त कारण सांगतो. अंधारात डोळे पूर्ण सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. आम्ही मंद उजेडाचे प्रवेश त्या हिशेबानं लावतो, नाटकाच्या मध्यानंतर पंधरा टक्क्यांवरचा दिवाही प्रेक्षकाला पुरतो. एकानं फोन उघडला की त्याचे आणि आजूबाजूच्या चौघांचे डोळे परत शून्यावर. ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे सगळे दिवे विझवतो तेव्हा, तर धोकाच असतो. त्या चार-पाच सेकंदांत नट जमिनीवर चिकटवलेल्या रेडियमच्या बारीक पट्ट्या बघत जागा बदलत असतात, कुणी पाट उचलतो, कुणी पायरीवरून खाली येतो. ती पट्टी नखाएवढी. तिच्यावर मावेल एवढाच तिचा उजेड. समोरून फोनचा पडदा चमकला की नटाला ती दिसेनाशी होते. फोन सायलेंटवर असणं पुरेसं नाही, तो पिशवीत पालथा असला पाहिजे. आणि मनगटावरचं ते घड्याळ, जे हात हलवला की पेटतं, तेही.

पुण्यातल्या जागा एकसारख्या नाहीत, म्हणून कुठे काय अपेक्षा ठेवायची ते सांगतो. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच महाराष्ट्र कल्चरल सेंटर चालवतं. लहान, आटोपशीर, नवं लेखन आणि अभिवाचनं ऐकायला ही जागा मला सगळ्यात आवडते. तिथला नेहमीचा प्रेक्षक शांत आणि थोडा कडक आहे, सहज हसत नाही, पण ऐकतो. टिळक रस्त्यावर हिराबागेपाशी ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे, हे तुम्हाला बालगंधर्वच्या सवयीनं सगळ्यात सोयीचं वाटेल, कारण बैठक नेहमीसारखी समोरासमोर. त्याच आवारात अलीकडे श्रीराम लागू रंग-अवकाश झालाय. ती ‘काळी खोली’ आहे, म्हणजे ठरलेला रंगमंच नसलेली काळ्या भिंतींची जागा, प्रत्येक नाटकागणिक खुर्च्यांची मांडणी बदलू शकते. मागच्या वेळी जिथे बसलात तिथे या वेळी नेपथ्य असेल. एरंडवण्यातलं द बॉक्सही त्याच जातीचं. या दोन्ही ठिकाणी आत शिरल्यावर लगेच बसू नका. अर्धं मिनिट उभं राहून दिवे कुठे टांगलेत ते बघा. ज्या बाजूनं जास्त दिवे रंगमंचाकडे तोंड करून आहेत, ती पुढची बाजू. तिथे बसा. दिग्दर्शकानं मनात कुठला प्रेक्षक धरून नाटक बसवलंय, हे दिवे लपवू शकत नाहीत.

सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर तसं छोटं नाही, मधलं आहे, पण पुण्याच्या प्रेक्षकाबद्दल लिहायचं आणि भरत गाळायचं हे शक्य नाही. १९७२ च्या डिसेंबरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग याच रंगमंचावर झाला. आणि १९६३ पासून चालत आलेली पुरुषोत्तम करंडकाची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा इथलीच. ज्यांना वाटतं की प्रायोगिक प्रेक्षक म्हणजे झब्बा घालून गप्प बसणारा, त्यांनी एकदा करंडकाच्या फेरीला भरतला जाऊन बसावं. दोन एकांकिकांच्या मधल्या वेळात ‘अरे आव्वाज कुणाचा’ची आरोळी उठते, बाल्कनीतून उत्तर येतं, खालून प्रत्युत्तर, आपल्याला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. घंटा होते आणि सगळं एकदम थांबतं. मग ज्या कॉलेजविरुद्ध घसा फोडला त्याच कॉलेजचा प्रयोग ही पोरं श्वास रोखून बघतात, चांगलं वाक्य पडलं तर विरोधकही टाळी देतात, आणि नट अडखळला तर ते लगेच कळतं. तिथे नापसंती लपवत नाहीत. मला हा प्रेक्षक फार मोलाचा वाटतो. २०२२ साली परीक्षकांनी अंतिम फेरीतली एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असं ठरवलं, त्यावरून शहरात कितीतरी दिवस हमरीतुमरी झाली. एकांकिकेवरून शहर भांडतं, हे मला आवडतं.

छोट्या जागांची ही रीत नवीन नाही. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं प्रयोग सुरू केले. खाली शाळा, वर नाटक, रंगमंच म्हणावा असा रंगमंच नाही. मराठी प्रायोगिक रंगभूमीला ‘छबिलदास चळवळ’ असं एका शाळेचं नाव मिळालं ते तिथून. चार वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९७८ ला, पृथ्वी उघडलं आणि पहिलाच प्रयोग गो. पु. देशपांडे यांच्या मराठी नाटकाच्या हिंदी रूपाचा होता. पृथ्वीत दोनशेच्या आसपास खुर्च्या, रंगमंच पुढे आलेला आणि प्रेक्षक तीन बाजूंना. आज पुण्यात जे ‘काळी खोली’ म्हणून बांधतात, त्याचे दोन आजोबा हे: एक मिळेल त्या जागेत केलेलं, दुसरं मुद्दाम तसं बांधलेलं. तुम्हाला जिथे गैरसोय झाली ती जागा बहुधा पहिल्या वंशातली असणार. मिळेल त्या जागेत नाटक करणाऱ्यांच्या हातात खुर्च्या बदलण्याएवढे पैसे नसतात.

पैशांचं म्हणाल, तर तिकिटाचा राग मी समजू शकतो, पण हिशेब बघा. शंभर खुर्च्या, अडीचशेचं तिकीट, सगळी विकली गेली असं धरा. पंचवीस हजार. त्यातून जागेचं भाडं, दिव्यांचं भाडं, टेम्पो, नेपथ्याची जोडाजोड, रंगभूषा, चहा-वडापाव. उरलं तर नटांना येण्याजाण्याचा खर्च मिळतो. आणि सगळी तिकिटं विकली जातच नाहीत, कारण ‘पास आहे का’ हा आपल्याकडचा कुळाचार. ओळखीचा मुलगा नाटकात आहे म्हणून पास मागणारी माणसं दिवाळीत त्याच मुलाला हजाराची भेट देतात. पास मागू नका. नाटक आवडलं तर दुसऱ्यांदा तिकीट काढून दोन माणसं घेऊन या. छोट्या नाटकाला जाहिरातीचा खर्च झेपत नाही, त्याचा पुढचा प्रयोग तोंडी सांगण्यावरच उभा राहतो.

एक सल्ला असा देतो की माझे दिग्दर्शक मित्र रागावतील. शक्य असेल तर पहिल्या प्रयोगाला जाऊ नका. पहिल्या प्रयोगाला घरचे असतात. आई, मावशी, कॉलेजचा ग्रुप, नाट्यशिबिरातली पोरं. ते चुकीच्या जागी हसतात, कारण त्यांना नट माहीत असतो, पात्र नाही. मी मागे बसून हे कितीदा ऐकलंय, एक साधं वाक्य येतं आणि डावीकडच्या कोपऱ्यात हशा पिकतो, बाकीचे एकमेकांकडे बघतात की आपल्याला कळलं नाही की काय. तुम्हालाही वाटलं असेल की सगळे हसतायत आणि मीच बाहेरची आहे. तसं नसतं. चौथा-पाचवा प्रयोग गाठा, तोवर लेखनातली चरबी झडते, नट एकमेकांचं ऐकायला लागतात आणि प्रेक्षकही परका असतो. अडचण एवढीच की बऱ्याच प्रायोगिक नाटकांना पाचवा प्रयोग लाभतच नाही. तेव्हा विषय फारच ओढ लावणारा असेल तर जे मिळेल ते बघा.

मध्यंतराचंही विचारून घ्या. बालगंधर्वचं नाटक म्हणजे मध्यंतर आणि बटाटेवडा ही सांगड डोक्यात पक्की असते. इथली पुष्कळ नाटकं सव्वा ते दीड तासाची आणि सलग. स्वच्छतागृहं एक किंवा दोन, आणि तिथे प्रयोगाआधी रांग लागते. खाऊन या, जाऊन या.

लहान मुलं असतील तर जाहिरातीत वय लिहिलंय का बघा आणि नसेल तर फोन करा. पुण्यात डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं ग्रिप्स या बालनाट्य चळवळीची नाटकं बरीच वर्षं होतायत. त्यांत मोठे नट लहान मुलांची कामं करतात आणि समोरची मुलं बोलली, ओरडली तरी प्रयोगाला ते चालतं, किंबहुना हवंच असतं. तिथे मुलांना घेऊन जा. मोठ्यांच्या छोट्या नाटकाला पाच वर्षांचं मूल नेणं हा त्या मुलावरच अन्याय आहे.

आता आईंचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि यावर आयोजक सगळ्यात कमी विचार करतात. छोट्या जागा वरच्या मजल्यावर असू शकतात, आत शिरल्यावरही पायऱ्यांवर चढवलेल्या रांगा असतात, त्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसतात आणि कठडा क्वचित असतो. तिकीट काढण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा. लिफ्ट आहे का आणि प्रयोगाच्या वेळी ती चालू असते का. जमिनीच्या पातळीवर पाठीची खुर्ची मिळेल का, बाक नाही. आत जायला रंगमंच ओलांडावा लागतो का. धुराचं यंत्र किंवा लुकलुकणारे दिवे आहेत का. दमा असलेल्याला धुराचा आणि अपस्मार असलेल्याला त्या दिव्यांचा त्रास होऊ शकतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फोनवरच्या माणसाला माहीत नसेल तर ‘तुमच्या लाइट्सवाल्याला विचारून सांगा’ म्हणा. आम्हाला असं कुणी विचारत नाही, विचारलं तर बरं वाटतं, आणि लुकलुक कमी करता येत असेल तर आम्ही ती करतोही.

मग प्रयोगाच्या दिवशी अर्धा तास आधी जा आणि दारावर सांगा की आईंना गर्दीच्या आधी बसवायचंय. बहुतेक ठिकाणी आनंदानं सोडतात, कारण घंटेनंतर अंधारात कुणी पायरी चुकण्यापेक्षा ते त्यांनाही परवडतं. रांगेच्या टोकाची, दाराच्या बाजूची खुर्ची घ्या, म्हणजे पाय लांब करायला जागा राहील. पण ती खुर्ची नटांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नाही ना, हे तिथल्या माणसाला विचारून घ्या. काही नाटकांत नट प्रेक्षकांच्या मधून धावत येतात आणि लांब केलेला पाय त्यांना अंधारात दिसत नाही.